गव्हाची अंत्ययात्रा

माझा सारा जन्म पेट्या ठोकण्यात गेला. सौंसरच्या बस स्टँडमागं माझं दुकान होतं. दुकान अजून आहे, पण आता तिथं माझा जावई प्लायवूडचे दरवाजे विकतो आणि मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. संत्र्याला आता प्लास्टिकचं कॅरेट आलं, पुठ्ठ्याचे खोके आले. सलईच्या फळ्या कापून, खिळे मारून केलेली लाकडी पेटी मागायला कोणी येत नाही.

मी दोन तऱ्हेच्या पेट्या करत असे. एक संत्र्याची, एक माणसाची. दोन्हींतला फरक सोपा आहे. संत्र्याला वाटेत हवा लागते, म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. माणसाला लागत नाही, तिथं फट ठेवायची नाही. संत्र्याची पेटी उघडण्यासाठी करतात, म्हणून तिला खिळे हलके. माणसाच्या पेटीला मजबूत. बाकी रंधा तोच, हात तोच.

मी बौद्ध. ख्रिस्ती लोकांचं काम माझ्याकडं आलं, कारण गावातल्या बाकीच्या सुतारांना ती पेटी दुकानात उभी नको असायची. म्हणे गिऱ्हाईक बिचकतं. माझी गिऱ्हाइकं संत्र्याचे व्यापारी. ते कशालाच बिचकत नाहीत. सौंसर, पांढुर्णा मिळून ख्रिस्ती घरं थोडीच, त्यामुळं असं काम अधूनमधूनच यायचं. पण आलं की गंमत यायची. एकदा पांढुर्ण्याचा एक मुलगा बापासाठी पेटी सांगायला आला आणि विचारू लागला, हिला वाळवी तर लागणार नाही ना? मी म्हटलं, जमिनीत जाऊन राहिली तर लागणारच. तो नाराज झाला. मग त्यानं सागाची सांगितली, पितळेच्या कड्या लावायला सांगितल्या, वरून पॉलिश. मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो तर बाप ज्या खाटेवर गेला तिचा एक पाय विटांवर टेकवलेला होता. तो पाय बसवायला मात्र मला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

या धंद्यात मला भेटलेलं सगळ्यांत वेगळं गिऱ्हाईक म्हणजे एस्तेरबाई.

बाईंनी मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. लग्न केलं नाही. चर्चजवळ त्यांचं कौलारू घर होतं. त्यांचा भाऊ संत्र्याचा मोठा व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. तो गेला तेव्हा भर उन्हाळा होता. घरच्यांना त्याच्यासाठी सौंसरची पेटी चालेना, नागपूरहून मागवायची ठरली. मग ती काळी हवी की तपकिरी, आत मखमल हवी की सॅटिन, यावर फोन चालू राहिले आणि भाऊ बर्फावर पडून राहिला. तेवढ्यात कोणीतरी त्याच्या उशीखालून कपाटाची किल्ली काढून नेली. बाई कोपऱ्यात बसून हे सगळं पाहत होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी त्या छत्री घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, माझं माप घ्या."

मी विचारलं, "कायचं जी?"

"पेटीचं. मागं राहणाऱ्यांवर हे काम सोडायची माझी इच्छा नाही."

मी म्हटलं, जित्या माणसाचं माप घेणं बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, शिंपी तर रोज घेतो. माझी बायको मंदा आतून चहा घेऊन आली होती. तिनं हे ऐकलं आणि चहा तसाच ठेवून परत आत गेली. बाईंनी छत्री भिंतीला टेकवली, चटई मागितली आणि संत्र्याच्या पेट्यांच्या दोन थप्प्यांमध्ये सरळ आडव्या झाल्या. पर्स छातीवर, डोळे मिटलेले. मी टेप काढून डोक्याकडून सुरुवात केली, तेवढ्यात रामाकोन्याचा एक बागवान पेट्या न्यायला आला. त्यानं दारातच चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले आणि हळूच मला विचारलं, कवा गेल्या? बाईंनी डोळे उघडून त्याला विचारलं, यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे? त्या माणसानं पुढं माझ्याकडून कधी पेट्या घेतल्या नाहीत.

पेटी केली. साधी, सलईचीच, कडेला सुताच्या दोराचे फासे. बाईंनी ती घरी नेऊन बैठकीत ठेवली आणि वर विणलेलं कापड घातलं. पाहुणे आले की तिच्यावर चहाचे कप ठेवत. सगळ्यांना वाटायचं दिवाण आहे.

पण ती पेटी त्यांच्या कामी आली नाही. तिगावच्या स्टेशनावर एक म्हातारा प्रवासी मरून पडलेला सापडला. गळ्यात दोऱ्याला क्रॉस, बाकी नाव ना गाव. रेल्वेवाल्यांनी सौंसरच्या चर्चच्या पास्टरांना निरोप दिला आणि बाईंनी आपली पेटी टेम्पोत घालून तिगावला पाठवून दिली. ते दिवाण नव्हतं हे गावाला तेव्हा कळलं. मग माझ्याकडं आल्या, दुसरी करा म्हणाल्या. दुसरी केली, ती रामाकोन्याच्या एका मजुराच्या बायकोसाठी गेली. तिसरी करताना मी विचारलं, "बाई, तुमच्यासाठी करून राहिलो का गावासाठी?" त्या म्हणाल्या, "ज्याला आधी लागेल त्याच्यासाठी."

तिसरी पेटी मी जरा जास्तच मन लावून केली. इतकी घट्ट की मुंगी शिरणार नाही. बाईंना ती फार आवडली. त्यांच्या स्वयंपाकघरात उंदीर झाले होते आणि एवढी चांगली पेटी रिकामी ठेवणं त्यांना उधळपट्टी वाटत होती. त्यांनी वर्षाचे गहू त्या पेटीत भरले. वर कडुनिंबाचा पाला घातला, झाकण लावलं, कापड घातलं. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण झाकणाला कडी मीच बसवून दिली होती.

आता सोन्याचं सांगतो. बाईंना आईचे दागिने मिळाले होते आणि भावाच्या बागेतला हिस्साही मिळाला होता, हे अख्ख्या सौंसरला माहीत. तरी बाई दोन सुती साड्यांवर राहत. पंखा एकच, तो झोपायच्या खोलीतून बैठकीत आणि बैठकीतून स्वयंपाकघरात फिरायचा. मग सोनं कुठं आहे? हा गावाचा आवडता प्रश्न होता. बस स्टँडवर बबनचा पानठेला आहे, तिथं यावर रोज बोलणं व्हायचं. एकदा बबननं बाईंना तोंडावर विचारलं. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की मला जे बरोबर न्यायचं आहे ते मी आधीच पुढं पाठवलंय, आणि जिथं पाठवलंय तिथं चोर पोचत नाही.

त्यांचा विश्वास तसा होता. इथलं सगळं इथंच राहतं, दिलेलं तेवढं देवाकडं जमा होतं. मला ते समजलं. पण पानठेल्यावर त्याचा अर्थ निराळाच लागला. पुढं म्हणजे कुठं? कोणी म्हणालं छिंदवाड्याला, कोणी म्हणालं नागपूरच्या लॉकरात. एका शहाण्यानं सांगितलं की बाई बरोबर न्यायचं म्हणाल्या, म्हणजे सोनं त्या पेटीतच असणार. मेलेल्या माणसाची पेटी कोणता चोर उघडतो? हे सगळ्यांना पटलं. ते फिरत फिरत पांढुर्ण्याला बाईंच्या भाच्याकडं, म्हणजे भावाच्या मुलाकडं, शमुवेलकडं पोचलं.

शमुवेलचं पांढुर्ण्यात टाइल्सचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. लहानपणी सुटीत आत्याकडंच राहायचा, पाढे तिच्याकडंच शिकला. पण बाप गेल्यावर उशीखालची किल्ली कोणी नेली यावरून भावाभावांत फाटलं होतं आणि त्याच्या मनात बसलं होतं, की आपण हात हलवला नाही तर दुसरा कोणीतरी नेईल. आत्या सगळं चर्चला देऊन टाकेल, ही आणखी एक भीती.

तो एका रविवारी सकाळी टेम्पो आणि चार हमाल घेऊन सौंसरला आला. बाई चर्चमध्ये होत्या. घराची किल्ली ओसरीच्या तुळईवर असते हे त्याला लहानपणापासून माहीत. हमालांनी पेटी उचलली आणि तिच्या वजनानं त्यांचे गुडघे वाकले. शमुवेलची खात्रीच पटली.

टेम्पो बस स्टँडच्या वळणावर आला आणि त्याचं मागचं चाक बसलं. तिथंच भर रस्त्यात. चर्च सुटायची वेळ झाली होती आणि चर्चचा रस्ता तिथूनच जातो. शमुवेल घाबरला. दुसरा टेम्पो चौकापलीकडं उभा असायचा. त्यानं हमालांना सांगितलं, खांद्यावर घ्या अन् चला.

मी तेव्हा चहाच्या ठेल्यावर होतो. समोरून चार माणसं खांद्यावर माझी पेटी घेऊन येताना दिसली. माझं काम मी कुठंही ओळखतो. पुढं शमुवेल, उघड्या डोक्यानं, चेहरा पांढराफटक. मला दुसरं काही सुचलंच नाही. गहू डोक्यातून पार गेले. मला वाटलं, बाई गेल्या. मी कप ठेवला आणि जाऊन एका हमालाला बाजूला करून खांदा दिला. माझ्या मागून बबन आला. त्याच्या मागून चहावाला. ऑटोवाले उतरले. छिंदवाड्याची बस निघत होती, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरून उभा राहिला. कोणीतरी झेंडूची माळ आणून पेटीवर घातली.

शमुवेल म्हणत होता, तिकडं नाही, टेम्पोकडं चला. लोकांना वाटलं, दुःखानं त्याचं डोकं काम करून राहिलं नाही. दोघांनी त्याला दोन्ही बगलांतून धरलं आणि समजावत दफनभूमीच्या रस्त्याला लावलं. एक बाई रडत त्याला विचारत होती, कशानं गेल्या? तो म्हणाला, अचानक.

स्टँडवर एक लग्नाचा बँड गाडीची वाट पाहत होता. बँडमास्तर बाईंच्या शेजारचा. त्यानं पेटी पाहिली, डोळे पुसले आणि मागं येऊन वाजवायला लागला. त्यांना संथ गाणं एकच येत होतं, नवरी निरोप घेते तेव्हाचं. तेच वाजवत आम्ही निघालो. मी तर रडत होतो. बबन पुटपुटत होता, बाईमध्ये एवढं वजन कुठून आलं?

चर्च सुटलं तेव्हा आम्ही त्याच्या दारावरूनच जात होतो. पास्टर चकित होऊन बाहेर आले. त्यांच्या मागून एस्तेरबाई आल्या. त्यांनी सगळ्यांत मागं चालणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, कोण गेलं? म्हातारीनं डोळ्याला पदर लावलेला होता. तिनं वर न पाहता सांगितलं, आपल्या एस्तेरबाई गेल्या. बाई "अरेरे" म्हणाल्या आणि चालायला लागल्या. पुढं त्यांनी मला सांगितलं की क्षणभर त्यांना दुसरी कोणी एस्तेर वाटली. मग पेटी ओळखू आली, पुढं चालणारा भाचा ओळखू आला आणि सगळा उलगडा झाला. तिथंच थांबवता आलं असतं. पण स्वतःच्या अंत्ययात्रेत चालायला किती जणांना मिळतं, म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि आमच्या मागून चालत राहिल्या.

दफनभूमीत खड्डा नव्हता. कोणी सांगितलंच नव्हतं तर कोण खणणार? आम्ही पेटी झाडाखाली ठेवली. पास्टर गर्दीतून वाट काढत पुढं येऊ पाहत होते. लोक म्हणाले, तोवर शेवटचं तोंड तरी पाहू द्या. मी कडीला हात घातला तर शमुवेल झाकणावर पालथा पडला. उघडू नका म्हणाला. सगळ्यांना ते प्रेम वाटलं. एक-दोघं हुंदके द्यायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "शमू, उघड."

वर्गात फळ्यापाशी उभं राहून द्यायच्या तसाच आवाज. गर्दी दुभंगली. पदर लावलेली म्हातारी आपण कोणाशी बोललो हे कळून खालीच बसली. बबन भिंतीवरून उडी मारून पलीकडं गेला. मीसुद्धा पेटीपासून चार पावलं मागं सरलो आणि पेटी मी केलेली. बँडमधल्या ढोलवाल्याला काही दिसत नव्हतं, तो एकटाच वाजवत राहिला. शेवटी कोणीतरी त्याचा हात धरला.

बाई पुढं आल्या आणि त्यांनी छत्री मिटली. शमुवेल झाकणावरून उठला. बाईंकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. मग मीच पुढं होऊन कडी काढली. आत कडुनिंबाचा पाला, त्याखाली गहू. आणि शमुवेलनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. एवढं सगळं झाल्यावरही त्याला राहवलं नाही. गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले आणि तळ चाचपायला लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सारं गाव उभं राहून पाहत होतं. कोणी हसलं नाही.

बाई त्याच्याजवळ वाकल्या. "खाली नुसती फळी आहे, बाळा."

तो तसाच बसून राहिला, हात गव्हात. मग बोलला, "मंग सोनं कुठं हाय, आत्या?"

बँडमास्तर खाकरला. त्यानं गळ्यातलं वाजंत्र काढून हातात घेतलं आणि सांगितलं की हे बाईंच्या पाटल्यांमधून आलं. पदर लावलेल्या म्हातारीनं खाली बसल्या बसल्या सांगितलं, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. पास्टर म्हणाले, मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर, आणि बागेचा हिस्सा त्या मुलींच्या शिक्षणाला. भिंतीपलीकडून बबननं डोकं वर काढून सांगितलं की त्याच्या ठेल्याचं पत्र्याचं खोकंही बाईंनीच घेऊन दिलेलं. ज्यांना ज्यांना मिळालं होतं ते सगळे तिथंच उभे होते. आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं की बाईंकडं अजून पुष्कळ असेल.

बाईंना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात म्हणाल्या. मग त्या भाच्याच्या शेजारी मातीत बसल्या. म्हणाल्या, "तुला हवं होतं तर मागायचं. मी आहे तोवर तुला मागायला लाज कसली?"

शमुवेल रडला. टाइल्सच्या दुकानाचा मालक, पोटाचा घेर सुटलेला माणूस, गव्हानं भरलेल्या हातांनी तोंड झाकून पोरासारखा रडला.

त्यानंतर बराच वेळ कोणाला काय करायचं ते कळेना. काही लोकांपुढं प्रश्न होता की दफनभूमीत जाऊन आलो म्हणजे आंघोळ करावी लागेल की नाही, कारण मेलं तर कोणीच नाही. यावर तिथंच चर्चा झाली. ज्यांच्या घरी पाणी दोन दिवसांआड यायचं त्यांनी नको म्हटलं. एका बाईंनी भीत भीत एस्तेरबाईंना विचारलं, मागच्या आठवड्यात आमच्याकडं पीठ देल्लं होतं, ते यातल्याच गव्हाचं का? बाई म्हणाल्या, हो, चांगले गहू आहेत, पोळ्या मऊ होतात की नाही? ती बाई म्हणाली, होतात जी.

छिंदवाड्याच्या बसचे प्रवासी तोवर चिडून ड्रायव्हरला शोधत दफनभूमीपर्यंत आले होते. त्यांना कोणीच काही नीट सांगू शकलं नाही.

बाईंनी ते गहू पोत्यांत भरून शमुवेलला दिले. तू न्यायला आला होतास, रिकाम्या हातानं जाऊ नकोस म्हणाल्या. तो नको नको म्हणत होता, पण गणिताच्या बाईंपुढं कोणाचं चालतं? दोन पोती टेम्पोत घालून तो पांढुर्ण्याला गेला. पुढं बरेच महिने आला नाही. लाजेनं येणं होत नसावं. बाई रोज जेवताना त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या, हे त्यांच्याकडं जाऊन-येऊन असलेल्या माझ्या मंदानं मला सांगितलं. मग नाताळला तो बायकोमुलांसह आला. त्यानंतर दर रविवारी यायला लागला आणि चर्चमध्ये बाईंशेजारी बसायला लागला. त्यानं आत्याला दुसरा पंखा आणून दिला. बाईंनी तो वसतिगृहात पाठवला. त्यानं आणखी एक आणला, तोही गेला. मग शमुवेल पंखे सरळ वसतिगृहातच नेऊन द्यायला लागला.

त्या अंत्ययात्रेनं बाईंचं मात्र एक नुकसान झालं. गावात त्यांच्या पेटीचा धाक राहिला नाही. बबन येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगायचा, दर वेळी भिंतीवरची उडी वगळून. पोरं बाईंना रस्त्यात विचारायची, बाई, परत कधी? आणि बाई म्हणायच्या, कळवीन.

त्या गेल्या ते असंच, थंडीच्या एका सकाळी, प्रार्थना करता करता. घर त्यांनी आधीच वसतिगृहाच्या नावे केलं होतं. मागं राहिलं ते दोन साड्या, छत्री, बायबलची प्रत, चष्मा. पेटी मात्र होती, या वेळी कोणी आधी मागितली नव्हती. शमुवेलनं नागपूरला फोन केला नाही. त्यानं आणि मी मिळून ती आतून पुसून काढली, कोपऱ्यात काही दाणे राहिले होते ते वेचले.

आम्ही निघालो तेव्हा स्टँडवर गर्दी होती. पुढं खांद्याला शमुवेल, मागं मी. आणि लोक आमच्याकडं पाहून हसत होते. मनापासून, प्रेमानं हसत होते, कारण त्यांना वाटलं बाईंची काही नवी गंमत असेल. कोणी उठलं नाही. कोणी टोपी काढली नाही. बबननं ठेल्यातून आवाज दिला, "शमूभाऊ, यंदा गहू कसा झाला?"

शमुवेल थांबला. मीच म्हटलं, "बबन, या टायमाले बाईच हायेत."

बबन आधी हसला. मग त्यानं शमुवेलचा चेहरा पाहिला. त्यानं रेडिओ बंद केला, ठेल्याची फळी पाडली आणि अनवाणी उतरून आला. त्याच्या मागून चहावाला आला, ऑटोवाले आले. उभ्या बसचं इंजिन बंद झालं. या खेपेला रस्ता इतका शांत होता की आमच्या पावलांचा आवाज येत होता.

पेटी फार हलकी होती. तरी सौंसरमध्ये रीत आहे, थोड्या थोड्या अंतरावर दुसऱ्यानं खांदा द्यायचा. लोक पुढं येत होते, शमुवेलच्या पाठीवर हात ठेवत होते, आता आम्हाले दे म्हणत होते. त्यानं दफनभूमीपर्यंत आपली जागा कोणालाच दिली नाही.